दारूची केस आणि भुसावळच्या वकील मॅडम : पाचापैकी चार

आमचा केळीचा धंदा. सावद्याला घर, दोन पिकअप, दोन ड्रायव्हर. गेल्या डिसेंबरात त्यातल्या एकावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली आणि भुसावळच्या एका वकील मॅडमशी गाठ पडली. हा अभिप्राय त्यांच्या कामाचा आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई असते. शिवाय मॅडमनीच बजावलं होतं, "चांगलं लिहा नाहीतर वाईट, पण माझं नाव कुठं टाकू नका." ड्रायव्हरचंही नाव नाही. पोरगा कामाला चोख आहे, उगाच गावभर कशाला?

थंडीत आमच्याकडे भरीत पार्ट्यांना ऊत येतो. बामणोदकडची पांढरट-हिरवी वांगी, तुरकाठ्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, आणि काही मंडळींना सोबत बाटलीही लागते. थर्टी फर्स्टच्या आधीच्या आठवड्यात अशीच एका मळ्यात पार्टी झाली. तिथून उठून हा परस्पर गाडीवर बसला. मागं क्रेटमध्ये केळी भरलेली, माल अकोल्याला पोचवायचा. तापीचा पूल ओलांडून भुसावळच्या बाजूला आला आणि नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, चिठ्ठी निघाली ७२, मर्यादा ३० ची.

मला फोन आला तो त्याचा नाही, त्याच्या चुलत भावाचा. "काय करानं भो आते?" एवढंच तो म्हणत होता. तोवर ओळखीच्या चार जणांनी चार सल्ले देऊन झाले होते. एक म्हणाला, रक्त द्यायला सरळ नाही म्हण, मग पुरावाच नाही. दुसरा म्हणाला, ई-चलान फाडून घे, सकाळी मोबाईलवरून भरून टाकू. तिसऱ्याची कुठल्यातरी साहेबाशी ओळख होती, ती अशा वेळी सगळ्यांचीच असते. मी फैजपूरच्या मेव्हण्याला उठवलं. त्याच्या शेताच्या बांधाचा दावा या मॅडमकडे चालू होता, त्यानं त्यांचा घरचा नंबर दिला.

रात्रीची वेळ असूनही मॅडमनी फोन उचलला. पहिला प्रश्न, "अपघात झालाय का? कुणाला लागलंय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "गाडीत माल काय?" केळी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आधी गाडीचं बघू." लायसन्सवाला, थेंबभरही न घेतलेला माणूस सोबत न्यायचा, आरसी-विमा-परमिटचे कागद घ्यायचे, आणि ठाण्यात आवाज चढवायचा नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात गाडी जप्त करा असं कुठं लिहिलेलं नाही, चालवायला शुद्धीतला माणूस हजर केला तर गाडी मागता येते, असं त्यांचं म्हणणं. पोरानं रक्त द्यायचं की नाही यावर त्या स्पष्ट होत्या. "देऊ दे. नाही म्हणाला तर तो नकारच २०५ कलमाखाली त्याच्याविरुद्ध वापरता येतो. आणि घड्याळाकडं लक्ष ठेवा. अटक केल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं."

मी भाच्याला घेऊन गेलो. तो माळकरी, त्यामुळे त्या बाजूनं काळजी नव्हती. ठाण्यात थोडी घासाघीस झाली, कागद दोनदा पाहिले, भाच्यालाही फुंकायला लावलं, अर्ज लिहून घेतला आणि गाडी सोडली. पहाटे माल अकोल्याला पोचला. एखादा दिवस गाडी तिथंच अडकली असती तर क्रेटमधल्या मालाचं काय झालं असतं हे केळीवाल्यांना सांगायला नको. मॅडमची फी मला तिथंच वसूल झाली होती.

पोराला सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त घेतलं आणि रात्रीच जामिनावर सोडलं. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्कच असतो, त्यासाठी कुणाचे हातपाय जोडावे लागत नाहीत. लायसन्स मात्र पोलिसांनी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वरच्या मजल्यावर, जिना अंधारा आणि उभा. गुडघे धरलेल्या माणसानं विचार करूनच चढावं. बसायला दोनच खुर्च्या, बाकी सगळी जागा फायलींना. पण मॅडम समोरच्या माणसाला पुरतं बोलू देतात. पोरानं आधी "दोनच पेग" सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यानं आपणहून खरा आकडा सांगितला.

त्यानंतर त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "तुम्ही मालक. तो प्यायलाय हे तुम्हाला गाडी निघण्याआधी माहीत होतं का?" मला आधी रागच आला. वकील आपला की पोलिसांचा? मग त्यांनी १८८ कलम दाखवलं. प्यायलेल्याला गाडी चालवायला जो चिथावणी देईल किंवा मदत करेल, त्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. म्हणजे माल खोळंबतोय म्हणून मालकानं "जाय भो, काही होत नाही" म्हटलं, तर मालकही त्याच ओळीत उभा. आमच्या अख्ख्या केळी लाइनीत हे किती जणांना ठाऊक असेल? गाड्या असलेल्यांनी हे वाचून पुढं पाठवावं.

कायदा त्यांनी सांगितला तो असा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम लागतं. मग तुम्ही सरळ चालत असा की झोकांड्या खात असा. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. पूर्वी दंड दोन हजारांपर्यंतच होता, २०१९ च्या दुरुस्तीनं वाढला. दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच जादा शिक्षा, ही जुनी सवलतही त्याच दुरुस्तीनं काढून टाकली. आणि हा गुन्हा जागेवर तडजोडीनं मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. ई-चलानवाल्या मित्राचा विषय तिथं संपला.

आता रक्ताच्या अहवालाची गंमत. नमुना नाशिकच्या प्रयोगशाळेत गेला होता, अहवाल यायला बराच काळ लागला. आला त्या दिवशी चुलत भाऊ मोबाईलवर फोटो घेऊन नाचतच माझ्याकडे. "काका, काहीच नही निंघनं! शून्य शे!" कागदावर लिहिलं होतं ०.०६१ टक्के. मलाही क्षणभर वाटलं, सुटलो. पोराच्या आईनं तर देवापुढं साखर ठेवली. ऑफिसात मॅडमनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडा मांडून दाखवला. ०.०६१ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ०.०६१ ग्रॅम. ग्रॅमचे मिलिग्रॅम करायला टिंब तीन घरं उजवीकडं सरकवायचं. पेन्सिलीनं टिंब एकेक घर सरकवत त्या थांबल्या, ६१. मर्यादेच्या दुप्पट. खोलीत कुणी काही बोलेना. मग त्यांनी हेही सांगितलं की राज्याच्या दारूबंदी कायद्यात हाच हिशेब ०.०५ टक्क्यांचा आहे, पोरगा त्याच्याही वर होता, ते कलम लावलेलं नाही हेच नशीब.

मी विचारलं, मशीन ७२ म्हणतं आणि रक्त ६१, मग यात काही पकडता नाही येणार? त्या म्हणाल्या, शरीर शंभर मिलिलिटर रक्तामागं ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास दारू उतरवत असतं, फुंकणं आणि रक्त यांत मध्ये वेळ गेलेला, फरक त्या वेळेशी जुळतो. उलट जुळतो म्हणूनच कागद पक्का आहे.

तरीही त्यांनी सगळे कागद ओळीवर बोट ठेवून तपासले. चिठ्ठीवर वेळ आहे का, मशीनचा नंबर आहे का, मशीनची तपासणी कधी झाली होती. रक्त घेणारा नोंदणीकृत डॉक्टर होता का. कातडी पुसायला स्पिरिट तर वापरलं नाही, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. बाटलीला सील, सीलवर सही, नमुना कधी निघाला, कुणी नेला. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात मे २०२४ मध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हापासून सगळेच या कागदांकडं बारकाईनं पाहतात, असं त्यांच्या बोलण्यात आलं. आमच्या कागदांत एकच चूक निघाली, एका फॉर्मवर पोराच्या वडलांचं नाव चुकलेलं. माझे डोळे चमकले. मॅडमनी तिथंच थांबवलं. "या एका चुकीवर तुमच्याकडून वीस हजार घेणारे वकील आहेत. मी घेणार नाही. बाकी सगळं जुळतंय. कोर्ट याला लिखाणातली चूक म्हणेल आणि पुढं जाईल."

तसा एक वकील आम्हाला भेटलाही होता. पंचवीस हजार, "हमखास निर्दोष", निम्मे आधी. कोर्टाच्या आवारात फिरणारा एक दलाल तर त्याहून स्वस्तात "वरच्या वर मिटवतो" म्हणत होता. मॅडमनी सहा हजार सांगितले, कबुलीपर्यंतचे. लढायचं असेल तर वेगळे, आणि किती तारखा लागतील ते सांगता येणार नाही, हेही आधीच.

यावरून घरात बराच वाद झाला. पोराचं म्हणणं, कबूल केलं तर गावात तोंड कसं दाखवू. त्याच्या आईला पंचवीस हजारवाला पटला होता, दागिना मोडायची तिची तयारी. मॅडमनी त्याला एकट्याला समोर बसवून विचारलं, "तुला अब्रू वाचवायची की लायसन्स लवकर परत हवं?" कारण खरी शिक्षा तीच. १८५ खाली दोषी ठरलं की कोर्टाला लायसन्सवर किमान सहा महिन्यांची बंदी घालावीच लागते. लढून तीन वर्षांनी हरला तर तीच बंदी तीन वर्षांनी सुरू होणार, कदाचित लग्नाच्या तोंडावर. आरटीओची नोटीस आणखी वेगळी. पोलिसांनी पाठवलेल्या लायसन्सवर पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता तिथं लागू शकते, पण आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. त्या नोटिशीला उत्तर त्यांनीच लिहून दिलं, वेगळे पैसे न घेता.

कुणाला वाटेल, या बाई सगळ्यांनाच कबूल करायला लावतात. तसं नाही. आम्ही बसलो असताना मुक्ताईनगरकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या मुलाला मशीनही लावलं नव्हतं, रक्तही घेतलं नव्हतं. डॉक्टरच्या कागदावर नुसतं "तोंडाला वास, चाल अस्थिर". ती केस त्या जोरात लढतायत. नुसता वास आणि झोकांड्या यांवरून दारूचा अंमल सिद्ध होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल आहे, तो त्यांनी फाइलच्या वरच लावला होता. म्हणजे कागद पाहून सल्ला देतात, गिऱ्हाईक पाहून नाही.

कोर्टाचा दिवस लवकर उरकला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, कुणाच्या दबावाखाली तर बोलत नाही ना. पोरगा मान खाली घालून "हो, कबूल" म्हणाला. मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं, पहिलाच गुन्हा, अपघात नाही, घरात हाच कमावता, तपासात पूर्ण सहकार्य. कैद झाली नाही. दहा हजार दंड, लायसन्सवर सहा महिने बंदी. दंड कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या नाझरकडे भरला आणि पावती घेतली. त्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवा असं मॅडम म्हणाल्या, कारण कोर्टातला थर्मल कागद वर्षभरात कोरा होतो. सहा महिने पोरगा आमच्याकडेच केळीच्या पॅकिंगला राहिला, पगार कमी. मला बदली ड्रायव्हर ठेवावा लागला, तो खर्च या सगळ्या हिशेबात मोठा निघाला. दंडाचे दहा हजार मी भरले आणि हप्त्यानं कापून घेतोय. यावरून मला कंजूष म्हणणारे म्हणोत.

विम्याबद्दल त्यांनी न विचारता एक गोष्ट सांगितली. प्यायलेल्या ड्रायव्हरच्या हातून गाडी ठोकली गेली असती तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनी देत नाही. समोरच्याला भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करू शकते. आणि माणूस गेला असता तर गोष्ट दंडावर थांबत नाही, भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, त्याहून भारी कलमही लागू शकतं.

आता तक्रारी. मॅडमचा मुन्शी प्रत्येक झेरॉक्सचे वेगळे पैसे मागतो आणि सुटे परत करत नाही. फीची पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. मागितल्यावर लगेच मिळाली, हेही खरं. एकदा साहेब रजेवर असल्यानं तारीख पुढं गेली होती, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. आम्ही सावद्याहून पोराला कामावरून उठवून आणलं आणि बोर्डावर वाचून परत फिरलो. तेव्हापासून मी ई-कोर्टाच्या ॲपवर केस नंबर टाकून स्वतःच तारीख बघतो, तुम्हीही बघा. आणि मॅडम एक गोष्ट एकदाच समजावतात. दुसऱ्यांदा विचारलं की भुवया चढतात. पोराच्या आईला त्यामुळे त्या "कडक" वाटल्या, आणि ती अजूनही त्यांच्याशी बोलायला मलाच पुढं करते. पाचवा गुण मी यासाठीच कापला.

पैशाची अडचण असेल तर आणखी एक, हेही मॅडमनीच सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक जाईल याची फिकीर न करता. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेला कुणीही आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेला माणूस, यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय असतं, आणि फोन करायचा तर १५१०० हा नंबर. आमचा ड्रायव्हर उत्पन्नात बसत होता. पैसे मी भरणार होतो म्हणून आम्ही तिकडं गेलो नाही.

जाताना सोबत घ्यायचं ते : मशीनच्या चिठ्ठीची प्रत, अटकेचा आणि जामिनाचा कागद, दवाखान्याचा कागद, लायसन्स ठेवून घेतल्याची पोलिसांची पोच, गाडीची आरसी आणि विमा. सकाळी साडेदहाच्या आत पोचा, एकदा त्या कोर्टात गेल्या की दुपारपर्यंत सापडत नाहीत. गाडी कोर्टाच्या समोर लावू नका, उचलून नेतात. आणि सुटे पैसे खिशात ठेवा, मुन्शी तोच आहे.